मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र: नागपूरच्या एका सोसायटीच्या एसटीपीतील अनुभव

बेसा-बेलतरोडी भागातील आमच्या गृहसंकुलाला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसटीपी, इमारतीसोबतच मिळाला. प्रक्रिया झालेले पाणी फ्लशच्या स्वतंत्र टाक्यांत चढवले जाते, बागेला दिले जाते आणि वाहनतळ धुण्यासाठी वापरले जाते. या पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी पूर्वी बाजारातून हायपोचे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनयुक्त द्रावाचे, कॅन येत असत. त्यांच्या जागी आम्ही मीठ आणि वीज वापरून जागेवरच हायपोक्लोराइट तयार करणारे यंत्र बसवले. नागपूरचे तिन्ही ऋतू या यंत्राने आता पाहिले आहेत, त्यामुळे त्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण सेवेबद्दलच्या काही तक्रारी पुढे येणार आहेत. शिवाय या वर्गातील यंत्रांची रचना सर्वत्र जवळपास सारखीच असल्याने बहुतेक निरीक्षणे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रालाही लागू पडावीत.

मत आधीच सांगून टाकतो. यंत्र त्याचे काम चोख करते. मात्र पैसे वाचतील या आशेने ते कोणी घेऊ नये, आणि ज्यांच्या एसटीपीतील जैविक प्रक्रियाच धड चालत नाही त्यांनी तर मुळीच घेऊ नये.

हायपोच्या कॅनला पर्याय शोधण्याची वेळ का आली, हे नागपूरकरांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कॅनवर दहा ते बारा टक्के क्लोरीन असे लिहिलेले असते, परंतु हा द्राव उष्णतेत आपोआप विघटित होत राहतो. तापमान दहा अंशांनी वाढले की विघटनाचा वेग साधारण साडेतीन पट होतो. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या कॅनमध्ये नवतपा संपेपर्यंत काय शिल्लक राहत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो. संकुलातील रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मे महिन्यात सोडियम थायोसल्फेटने अनुमापन करून पाहिले, तेव्हा दहा टक्क्यांच्या कॅनमध्ये जेमतेम सहा टक्के क्लोरीन निघाले. त्यातले किती आमच्याकडे उडाले आणि किती विक्रेत्याच्या गोदामातच उडाले होते, हे सांगणे अवघड आहे. ऑपरेटर मात्र वर्षभर तोच डोसिंग पंप त्याच खुणेवर ठेवून चालवत होता. म्हणजे कागदावरची मात्रा पूर्ण होती आणि प्रत्यक्षात उन्हाळाभर आपण जवळपास अर्ध्या मात्रेवर होतो.

सौम्य द्रावाला हा त्रास फारसा होत नाही. विघटनाचा वेग तीव्रतेच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने एक टक्क्याहून कमी तीव्रतेचा हायपोक्लोराइट उन्हाळ्यातही दिवस-दोन दिवस सहज टिकतो, आणि या यंत्रात तयार होणारा द्राव नेमका तसाच सौम्य असतो. सकाळी तयार झालेला संध्याकाळपर्यंत वापरला जातो, त्यामुळे साठवणुकीचा प्रश्नच उरत नाही. नागपूरपुरते बोलायचे तर या यंत्राच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. गंमत म्हणजे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. तिथे ठळक अक्षरांत छापले होते, ‘रसायनमुक्त निर्जंतुकीकरण’. हा दावा सरळसरळ चुकीचा आहे. यंत्र रसायनच तयार करते, आणि तेही बाजारात मिळते तेच. फरक पडतो तो ताजेपणात, तीव्रतेत आणि वाहतुकीच्या जोखमीत.

कार्यपद्धती थोडक्यात अशी. मीठ विरघळवलेले पाणी दोन इलेक्ट्रोडच्या मधून जाते. त्यातून एकदिश प्रवाह सोडला की धनाग्रावर मिठातील क्लोराइडपासून क्लोरीन तयार होतो, ऋणाग्रावर पाण्यापासून हायड्रोजन वायू आणि हायड्रॉक्साइड तयार होतात, आणि दोन्हीकडचे पदार्थ एकाच पात्रात मिसळून सोडियम हायपोक्लोराइट बनतो. कल्पना जुनी आहे. समुद्राच्या पाण्याचे असे विद्युत-अपघटन करून मैलापाणी निर्जंतुक करण्याचे प्रयोग १८९० च्या दशकातच इंग्लंडमधील वर्दिंग येथे हर्मिट यांच्या पद्धतीने झाले होते. त्या काळी अडचण इलेक्ट्रोडची होती, कारण ते झिजत असत. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी टायटॅनियमच्या पत्र्यावर रुथेनियम ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती शोधली, आणि तेव्हापासून वर्षानुवर्षे आकार न बदलणारे धनाग्र उपलब्ध झाले. आमच्या यंत्रातील पत्रेही याच जातीचे आहेत. मळकट काळ्या रंगाचा तो पातळ लेप ही या यंत्रातील खरी मौल्यवान वस्तू आहे. बाकीचे सगळे म्हणजे एकदिश प्रवाह पुरवणारा रेक्टिफायर, टाक्या, नळ्या आणि एक पंप.

यंत्राची छापील क्षमता ताशी ५० ग्रॅम क्लोरीन आहे. ही संख्या पडताळून पाहणे फारसे कठीण नाही आणि प्रत्येक खरेदीदाराने ते करावे. फॅरडेच्या नियमानुसार एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला, तर जास्तीत जास्त १.३२ ग्रॅम क्लोरीन तयार होऊ शकतो. आमच्या सेलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोड बसवलेल्या पात्रात, एकामागोमाग एक असे चार कप्पे आहेत. क्लॅम्प मीटर लावून पाहिले तेव्हा प्रवाह १४ अँपिअर आणि एकूण दाब १७ व्होल्ट आढळला. चौदा गुणिले चार गुणिले १.३२ म्हणजे सुमारे ७४ ग्रॅम ही सैद्धांतिक कमाल मर्यादा झाली. अशा सेलची प्रत्यक्ष कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या आसपास धरली तर ५० ग्रॅमचा दावा बरोबर जुळतो. वीजही त्याच मोजमापातून काढता येते. सेलला सुमारे २४० वॅट लागतात, रेक्टिफायरमधील घट धरून २७० वॅटच्या आसपास. म्हणजे एक किलो क्लोरीनमागे पाच ते साडेपाच युनिट, आणि हे प्रमाण या तंत्रज्ञानात सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या आकड्यांशी सुसंगत आहे. विक्रेता क्षमता सांगत असेल पण प्रवाह आणि कप्प्यांची संख्या सांगायला टाळाटाळ करत असेल, तर पुढची बोलणी थांबवावीत.

रोजची गरज अशी आहे. आमच्याकडे दिवसाला सुमारे सत्तर हजार लिटर पाणी प्रक्रिया होऊन निघते. लिटरला ५ मिलिग्रॅम मात्रा धरली तर ३५० ग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे यंत्र सात तास चालले की काम होते. त्यातून लिटरला सुमारे ७ ग्रॅम क्लोरीन असलेला पन्नास लिटर द्राव मिळतो. वीज गेली तरी दिवसाचे सतरा तास हाताशी असल्याने अडत नाही. यंत्र गरजेपेक्षा थोडे मोठे घेण्याचा प्राध्यापकांचा आग्रह सुरुवातीला खर्चीक वाटला होता, पण तो योग्यच ठरला.

खरेदीच्या वेळी आमच्यासमोर दुसराही पर्याय होता आणि त्याची भुरळ कार्यकारिणीतील अनेकांना पडली होती. त्यात मीठ लागतच नाही. इलेक्ट्रोडचा सेल थेट पाइपलाइनमध्ये बसवायचा आणि प्रक्रिया झालेल्या पाण्यात मुळात असलेल्या क्लोराइडपासूनच क्लोरीन तयार करायचा, अशी ती योजना. ऐकायला उत्तम, पण घरगुती सांडपाण्यात क्लोराइड लिटरला शे-दोनशे मिलिग्रॅमच्या घरात असते आणि मिठाच्या द्रावात ते त्याच्या सुमारे शंभर पट असते. क्लोराइड विरळ असले की धनाग्रावर क्लोरीनऐवजी ऑक्सिजन सुटू लागतो, वीज पाणी फोडण्यात खर्ची पडते आणि पाणी कमी वाहक असल्याने त्याच प्रवाहासाठी व्होल्टेजही जास्त लागते. शिवाय सगळेच्या सगळे जड पाणी सेलमधून जात असल्याने क्षारांची पुटे फार लवकर चढतात. प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या छोट्या सेलमधून बाहेर पडलेल्या पाण्यात क्लोरीन चाचणीचा रंग अगदी फिकट आला, आणि विक्री प्रतिनिधीने चर्चा लगेच ‘हायड्रॉक्सिल रॅडिकल’कडे वळवली. हे अतिक्रियाशील कण पाण्यातील जंतू व सेंद्रिय पदार्थ नष्ट करतात हे खरे. परंतु ते भरीव प्रमाणात निर्माण करायचे तर बोरॉनयुक्त हिऱ्याचा लेप असलेले महागडे धनाग्र लागतात, आणि त्या धनाग्रांवर क्लोरेट व परक्लोरेटसारखी नको असलेली उपउत्पादनेही अधिक तयार होतात. रुथेनियमच्या साध्या पत्र्यावर जे काम होते ते मुख्यतः क्लोरीनचेच असते. ज्या ठिकाणी सांडपाण्यात समुद्राचे पाणी मिसळते तिथे ही पद्धत विचारात घेण्यासारखी असेल. पेंचचे गोडे पाणी पिणाऱ्या नागपुरात ती आम्हाला पटली नाही.

बसवणुकीत दोन गोष्टी गंभीररीत्या चुकल्या, आणि दोन्ही चुका इतर सोसायट्यांमध्येही होत असणार असा माझा कयास आहे. पहिली चूक मात्रा देण्याच्या जागेची. विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने नव्या द्रावाची नळी जुन्याच जागी, म्हणजे वाळूच्या व कोळशाच्या फिल्टरच्या आधीच्या टाकीत, जोडून दिली. सक्रिय कोळसा क्लोरीन खाऊन टाकतो. फिल्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्यात मग शेष, म्हणजे शिल्लक उरलेला, क्लोरीन शून्य, आणि पुढे वरच्या टाकीत जंतूंची वाढ रोखायला काहीच नाही. जंतूंच्या दृष्टीनेही ही जागा वाईट आहे, कारण गाळाच्या कणांत दडलेल्या जिवाणूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. आधी गाळ काढून पाणी नितळ करायचे आणि मग मात्रा द्यायची, हाच क्रम योग्य आहे. नळी फिल्टरनंतर हलवली आणि पाणी किमान अर्धा तास टाकीत थांबेल अशी व्यवस्था केली, त्यानंतरच यंत्राचे खरे काम दिसू लागले.

दुसरी चूक अधिक धोक्याची होती. हायड्रोजन बाहेर सोडणारी नळी तळघरातील एसटीपीच्या खोलीतच भिंतीला टेकवून मोकळी सोडली होती. ताशी ५० ग्रॅम क्लोरीनसोबत साधारण १७ लिटर हायड्रोजन तयार होतो. ही मात्रा मोठी नाही, परंतु हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एखादी ठिणगीही पुरते, आणि बंद टाकीच्या वरच्या पोकळीत ही पातळी गाठायला वेळ लागत नाही. त्याच खोलीत पंपांचे स्टार्टर आहेत. आता नळी सतत वर चढत जाऊन इमारतीबाहेर मोकळ्या हवेत निघते, द्रावाच्या टाकीवर छोटा पंखा हवा ढकलत राहतो, आणि पंखा बंद पडला तर सेलची वीज आपोआप तुटते. हा शेवटचा इंटरलॉक मूळ किमतीत नव्हता. तो ‘ऐच्छिक’ यादीत टाकण्याचे धैर्य उत्पादकाला कसे झाले, हे मला अजून कळलेले नाही.

आता मीठ आणि पाणी. मीठ आयोडीनविरहित आणि शुद्ध केलेले हवे. किराणा दुकानातील आयोडीनयुक्त मीठ किंवा खडे मीठ वापरण्याचा मोह ऑपरेटरला होतो, कारण ते कोपऱ्यावर मिळते. खडे मिठात कॅल्शियम व मॅग्नेशियम असते आणि ऋणाग्राजवळ पाणी अल्कधर्मी होत असल्याने हे क्षार तिथेच पांढऱ्या थराच्या रूपात बसतात. थर वाढला की व्होल्टेज चढते, सेल तापतो आणि उत्पादन घटते. मीठ विरघळवायला बोअरचे जड पाणी वापरायचे असेल तर सॉफ्टनर अपरिहार्य आहे. आमच्याकडे तो आहे, तरीही पुटे येतातच. सेल पारदर्शक ॲक्रिलिकचा असल्याने ती बाहेरून दिसतात, आणि ही सोय मला फार आवडली. पत्र्यांमधली काळी फट पांढुरकी दिसू लागली की पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने सेल धुवायचा. बुडबुडे थांबले की काम झाले. मात्र त्याआधी सेलमधला हायपो पाण्याने पूर्ण धुऊन काढला पाहिजे, कारण हायपो आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ही सूचना आम्ही मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राच्या दारावरच चिकटवली आहे, कारण सोबत आलेली पुस्तिका केवळ इंग्रजीत होती आणि ती ऑपरेटरच्या उपयोगाची नव्हती.

पाण्याचे तापमानही महत्त्वाचे ठरते. सुरुवातीला मिठाच्या टाकीला पाणी गच्चीवरील काळ्या टाकीतून येत असे. एप्रिल उजाडला तसे ते दुपारी हात भाजेल इतके गरम येऊ लागले. गरम द्रावात हायपोक्लोराइटचे रूपांतर क्लोरेटमध्ये होऊ लागते, म्हणजे वीज खर्च होते आणि निर्जंतुक करणारे द्रव्य मात्र कमी मिळते. हे पाणी जमिनीखालच्या टाकीतून घेतल्यावर प्रश्न सुटला. थंडीत उलटी काळजी असते. फार थंड मिठाच्या पाण्यात पूर्ण प्रवाह सोडला तर धनाग्राचा लेप लवकर खराब होतो. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीतील रात्री थंड असल्या, तरी यंत्र तळघरात असल्याने आणि ते दिवसा चालवत असल्याने आम्हाला ही अडचण आली नाही. ज्यांचे यंत्र उघड्यावर आहे त्यांनी रात्रपाळीत ते चालवू नये.

सगळ्यात मोठा धडा मात्र यंत्राच्या बाहेरचा आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला एके दिवशी शेष क्लोरीन अचानक गायब झाला. मात्रा वाढवली, यंत्र पूर्ण क्षमतेने चालवले, तरी मुक्त, म्हणजे कशाशीही संयोग न पावलेल्या, क्लोरीनचा पत्ता नाही. ‘मशीन बिघडले’ असा निर्वाळा व्हॉट्सॲप गटावर लगेच देण्यात आला. प्रत्यक्षात सेलचा प्रवाह, व्होल्टेज आणि द्रावाची तीव्रता, तिन्ही जागच्या जागी होती. बिघडला होता तो एसटीपीचा ब्लोअर. जैविक टाकीतील जिवाणूंना हवा मिळेनाशी झाली, त्यामुळे अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर थांबले आणि सगळा अमोनिया तसाच पुढे येऊ लागला. क्लोरीन अमोनियाशी लगोलग संयोग पावून क्लोरामाइन तयार करतो. मुक्त क्लोरीन टिकायचा असेल तर आधी सगळा अमोनिया संपवावा लागतो, आणि त्यासाठी अमोनियातील नायट्रोजनच्या वजनाच्या किमान ७.६ पट क्लोरीन लागतो. व्यवहारात आठ ते दहा पट. लिटरला २० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल तर दीडशे मिलिग्रॅमहून अधिक क्लोरीन हवा. आमचे यंत्र ज्या ५ मिलिग्रॅमसाठी निवडले आहे, त्याच्या हे तीस पट झाले. जगातील कोणतेही छोटे यंत्र हा फरक भरून काढू शकत नाही, आणि भरून काढले तरी इतक्या क्लोरीनमुळे सेंद्रिय पदार्थांशी होणाऱ्या क्रियेतून ट्रायहॅलोमिथेनसारखी अनिष्ट संयुगे वाढतील ती वेगळीच. क्लोरामाइनही जंतुनाशक आहे, परंतु त्याचे काम फार संथ चालते. अर्ध्या तासाच्या मुक्कामात त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. ब्लोअरचा पट्टा आणि बेअरिंग बदलल्यावर टाकीतील जिवाणू सावरायला काही दिवस गेले, आणि मग तेच यंत्र, त्याच मात्रेवर, पुन्हा नीट काम करू लागले.

सांगायचे ते हे, की निर्जंतुकीकरणाचे यंत्र सांडपाणी स्वच्छ करत नाही. स्वच्छ झालेल्या पाण्यातले उरलेले जंतू ते मारते. एसटीपीच्या पाण्याला वास असेल, ते गढूळ असेल, फेसाळ असेल, तर यंत्रावर लाख-दोन लाख घालण्याआधी ते पैसे ब्लोअर, जैविक टाकीतील जिवाणू वाढण्यासाठीचे माध्यम आणि प्रशिक्षित ऑपरेटर यांवर घालावेत. एका शेजारच्या सोसायटीने नेमके उलटे केले आणि आता त्यांचे यंत्र झाकून ठेवलेले आहे.

पडताळणीविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण इथे बहुतेक जण फसतात. जुन्या पद्धतीचे पिवळा रंग दाखवणारे ऑर्थोटॉलिडिनचे थेंब अजून बाजारात मिळतात. ते रसायन आरोग्यास घातक मानले जाते आणि ते मुक्त क्लोरीन व क्लोरामाइन यांतला फरकही नीट दाखवत नाही. त्याऐवजी डीपीडी या रसायनाची गोळी किंवा पूड वापरावी. त्यात मुक्त क्लोरीन असेल तर पाणी लगेच गुलाबी होते, आणि नंतर पोटॅशियम आयोडाइडची दुसरी गोळी टाकल्यावर रंग आणखी गडद झाला तर तेवढा भाग क्लोरामाइनचा समजावा. ब्लोअरचे दुखणे आमच्या लक्षात आले ते याच दुसऱ्या गोळीमुळे. एक सावधगिरी मात्र हवी. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर दिसून उडून जातो आणि नळीतले पाणी निर्मळ दिसते. ‘क्लोरीन नाही’ असे समजून मात्रा आणखी वाढवली तर अनर्थ होतो. अशा वेळी नमुना शुद्ध पाण्याने दहापट विरळ करून पुन्हा पाहावे. पाण्याचा सामूही (पीएच) पाहायला हवा. ७.५ च्या आसपास निम्मा क्लोरीन प्रभावी अशा हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, तर ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. विष्ठाजन्य कोलिफॉर्मची, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जिवाणूंची, तपासणी मात्र प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी, आणि नमुन्याच्या बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी थायोसल्फेट घातलेले आहे ना, हे विचारून घ्यावे. नाहीतर बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन आपले काम करत राहतो आणि अहवाल फसवा चांगला येतो.

आमचे अहवाल यंत्र सुरळीत असताना समाधानकारक आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये अनिर्बंध सिंचनासाठी, म्हणजे कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांनाही पाणी देण्यासाठी, १०० मिलिलिटरमागे १,००० विष्ठाजन्य कोलिफॉर्मची मर्यादा सुचवली होती. फ्लशसाठी त्याहून फार कडक अपेक्षा ठेवली पाहिजे आणि आम्ही ‘आढळले नाही’ हाच निकष धरतो. तथापि, क्लोरीन सर्वसंहारक नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी आणि जंतांची अंडी या मात्रेला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी गाळणीच कामी येते. म्हणून बागेतील पाणी आम्ही फवाऱ्याने न देता ठिबकने देतो.

यावरूनच एक खास नागपुरी प्रश्न उभा राहिला. उन्हाळ्यात टँकरचे भाव चढले की ‘हेच पाणी कूलरला का नको’ अशी मागणी होते. माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. कूलर पाण्याचे सूक्ष्म तुषार थेट झोपण्याच्या खोलीत सोडतो, गवताच्या ताट्यांवर क्लोरीन काही वेळातच उडून जातो, आणि कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे, श्वासावाटे फुप्फुसाचा आजार करणारे, जिवाणू वाढू शकतात. पुनर्वापर करायचा तो माणसाच्या श्वासापासून आणि ताटापासून दूर राहून. नागपूर शहराला हे तत्त्व नवे नाही. भांडेवाडीच्या प्रकल्पातील प्रक्रिया केलेले सांडपाणी, दिवसाला १३० दशलक्ष लिटर क्षमतेने, कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्रासाठी नेण्याची योजना याच शहराने राबवली, आणि त्यामुळे तेवढे गोडे पाणी पिण्यासाठी मोकळे झाले. सोसायटीच्या पातळीवर फ्लश आणि बाग हीच आपली कोराडी आहे.

रहिवाशांच्या तक्रारी दोन. पहिली वासाची. तो मात्रा जास्त झाल्यामुळे येतो असे सर्वांना वाटते, परंतु बहुतेक वेळा तो क्लोरामाइनचा, म्हणजे पुन्हा अमोनियाचाच, असतो. दुसरी फ्लशच्या टाकीतील रबरी वायसर लवकर कडक होत असल्याची. ती खरी आहे, आणि शेष क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास राखला की कमी होते. पाणी खारट होईल ही भीती मात्र अनाठायी आहे. दिवसाचे १.४ किलो मीठ सत्तर हजार लिटरमध्ये वाटले गेले तर लिटरला २० मिलिग्रॅमची भर पडते. फ्लशचे पाणी फिरून पुन्हा एसटीपीत येत असल्याने ती थोडी साचत जाते खरी, पण बागेने आतापर्यंत तक्रार केलेली नाही. सॉफ्टनर धुतलेले खारे पाणी तेवढे झाडांना जाऊ देऊ नये.

खर्चाचा हिशेब विक्रेत्यांच्या तक्त्यात फार गोड दिसतो. आमचा असा आहे. शुद्ध मीठ आणि सुमारे दोन युनिट वीज मिळून दिवसाला पस्तीस रुपयांच्या आसपास, आणि हायपोच्या कॅनचा खर्च याच्या साधारण दुप्पट. वर्षाला बचत बारा-तेरा हजारांची. यंत्र, सॉफ्टनर, वायुवीजन आणि इंटरलॉक मिळून पावणेदोन लाखांच्या पुढे गेले. केवळ बचतीतून ते वसूल व्हायला चौदा वर्षे लागतील आणि तोवर इलेक्ट्रोड दोनदा तरी बदलावे लागतील. म्हणजे आर्थिक दृष्ट्या हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे. आम्हाला त्यातून मिळाली ती मात्रेची खात्री आणि तळघरात तीव्र हायपोचे कॅन उचलताना ऑपरेटरच्या हातापायावर पडणारे चट्टे बंद झाल्याचे समाधान. वीस-पंचवीस सदनिकांच्या इमारतीने मात्र या फंदात पडू नये. त्यांनी कमी तीव्रतेचा हायपो थोडा-थोडा आणि वारंवार आणावा, सावलीत ठेवावा आणि दर आठवड्याला तीव्रता तपासावी.

सेवेला मी दहापैकी चार गुण देईन. तंत्रज्ञ पुण्याहून येतो, आणि येण्याआधी फोनवर ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला देतो. भर पावसाळ्यात रेक्टिफायरचे कार्ड गेले, तेव्हा दमट आणि क्लोरीनमिश्रित हवेत ते उघड्या पेटीत बसवणे हे मूळ कारण असूनही दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी मारण्यात आला. शेवटी अजनीजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्याने कार्ड दुरुस्त केले आणि पेटीला रबरी गॅस्केट लावून ती खोलीबाहेर हलवली. तेव्हापासून ती निर्वेध चालू आहे. खरेदी करणाऱ्यांनी करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: इलेक्ट्रोडची हमी वर्षांत न घेता चालू तासांत, इलेक्ट्रोड बदलण्याची आजची किंमत आणि ती किती वर्षे बांधील राहील याचा उल्लेख, आणि आम्लाने सेल धुतल्यास हमी रद्द होते का, याचे स्पष्ट उत्तर. आमच्या करारात या तिसऱ्या मुद्द्यावर काहीच नाही, आणि वार्षिक देखभाल कराराच्या नूतनीकरणाआधी ते कलम घातल्याशिवाय सही करायची नाही असे कार्यकारिणीने ठरवले आहे.